सुमनताईंनी पुसू न दिलेली रेघ

सुमनताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. साल २०१४. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि काहीतरी करायला हवं म्हणून मी आशागडला बायकांची चित्रस्पर्धा भरवली होती. कैनाडहून आलेल्या गटाचं चित्र मला आवडलं. काडी जिच्या हातात दिसली तिला मी पहिला नंबर दिला आणि हार घातला. ती रडू लागली. बाकीच्या सहा जणी उठून चालू लागल्या. मागून एक ठेंगण्या बाई आल्या.

"नंबर कोणाला दिलात?"

"चित्र काढणारीला."

"सात जणींचा हात आहे त्यात. आता या महिनाभर एकमेकींशी बोलायच्या नाहीत. तुमची स्पर्धा संपली बाई, माझं काम वाढलं."

मी संतापले. चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव ठळक घालायचं, हे कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला छडी दाखवून शिकवलं होतं. या बाईंना चार गोष्टी सुनवाव्यात म्हणून पुढच्या बुधवारी कैनाडला गेले, आणि जातच राहिले.

ताई आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. गोळ्या संपतात पण बायकांची धडधड संपत नाही, हे त्यांनी नोकरीतच पाहिलं होतं. निवृत्तीनंतर त्या पाड्यापाड्यांवर बसू लागल्या. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि बांबूची काडी, एवढंच सामान. जिचं घर तिची रेघ पहिली. मग दुसरी ती पुढे नेते, मग तिसरी. कोणाची रेघ कोणी पुसायची नाही. हात चालू लागले की सासूपासून गेलेल्या लेकरापर्यंत सगळं बाहेर येतं. ताई उपदेश करत नाहीत. फार तर विचारतात, "पीठ पातळ झालं का गं?"

माझे यजमान गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला 'खंबीर राहा' असं बजावलं. जणू मी कचेरीत कामावर रुजू होणार होते! ताईंनी भिजवलेले तांदूळ आणि पाटा माझ्यापुढे ठेवला. "वाटा," एवढंच म्हणाल्या. मी दुपारभर वाटत होते आणि तेव्हा कुठे रडू शकले.

पण मी थक्क झाले ती २०१९च्या सुरुवातीला. डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के थांबायचं नाव घेत नव्हते. उधव्याजवळच्या पाड्यावर लखमीच्या घराची भिंत तडकली आणि त्या दिवसापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. अंगणातल्या ताडपत्रीखाली ती रांधायची, तिथेच निजायची. आठ दिवसांवर लेकीचं लग्न. लग्नाचा चौक, म्हणजे पिठाच्या रेघांनी काढलेली देवाची चौकट, घरातल्या भिंतीवरच लिहायचा आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. साहेब लोक आले आणि 'घाबरू नका' असं छापलेले कागद वाटून गेले. शहरातल्या एका कलाप्रेमी गृहस्थांनी प्लायवुड देऊ केलं. "यावर काढा, नंतर फ्रेमही करता येईल." मी त्यांना काय ऐकवलं ते ताईंच्या या गौरवग्रंथात छापता येणार नाही.

ताईंनी लखमीला आत ये म्हटलं नाही. सकाळीच सहा सवाशिणींना घेऊन त्या तडकलेल्या भिंतीसमोर जाऊन बसल्या आणि सारवायला लागल्या. लखमी बाहेर पाठ करून बसलेली. मध्येच धक्का बसला. पत्रे वाजले, सगळ्या ओरडत अंगणात पळाल्या, मी सर्वांत पुढे. धूळ बसली तशा ताई गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा आत निघाल्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे!

"ताई, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. एकटी असते तर बसले असते का?"

बायका एकेक करून त्यांच्या मागे गेल्या. मग भेग टाळून चौक कुठे घ्यायचा यावर वाद सुरू झाला. एक म्हणे डावीकडे, दुसरी म्हणे कोपऱ्यात. बाहेरून लखमी ओरडली, "कोपऱ्यात नको! तिथं माझी कणगी ठेवायची हाय!"

"मग कुठं, इथं?"

"अगं तिथं नाय! डोळे फुटले काय तुमचे?"

"आम्हाला काय ठाऊक तुझ्या घरातलं," आतून कोणीतरी म्हणाली.

लखमी तणतणत आत आली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "इथं." आपण आत आलो आहोत हे त्यानंतर तिच्या लक्षात आलं. ताईंनी तिच्या हातात काडी दिली. तिची पहिली रेघ नागमोडी आली. ती पुसायला तिने पदर उचलला, तर ताईंनी तिचं मनगट धरलं. शेजारच्या बाईने आपली रेघ तशीच वाकवत तिला जोडली, मग तिसरीने. चौकाची एक बाजू पाण्यासारखी हलती झाली, आणि लग्न त्याच चौकासमोर लागलं. आयुष्यभर सरकारी कागदांवर लोकांची दुःखं निकाली निघालेली मी पाहिली आहेत. भीती अशी सात जणींत वाटून घेतलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

ताईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांचा गुडघा बरा राहो, डोळ्यांना रेघ दिसत राहो आणि आम्हाला रागावण्याइतका त्यांच्या आवाजात जोर राहो. याहून मोठा आशीर्वाद देण्याएवढं माझं वय नाही. तो लखमीने दिला आहे. गौरवसमारंभाचं सांगायला गेले तेव्हा ती घरात चुलीपाशी भाकऱ्या थापत होती.

"पोरीला दिवस गेलेत," ती म्हणाली. "होईल त्याच्या लग्नाचा चौक लिहायला ताईंनीच यायचंय. सांगा त्यांना, मरायला सवड नाय म्हणावं."