दानीएल पारख्यांचं जायफळ

सुप्याच्या पलीकडे, जिथे कंपनीने पवनचक्क्या उभ्या केल्या त्या उघड्या माळावर दानीएल पारख्यांनी कोकण लावलं. तिथला वारा असा, की वाळत घातलेला सदरा शेजारच्या शिवारात जाऊन शोधावा लागतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने अशा जागी गुमान कांदा लावावा. यांनी सुपारी, कोकम, मिरी आणि जायफळ लावलं! मेहुणीच्या लेकीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले होते, तिथून रोपं आणि वेड दोन्ही घेऊन आले.

वारा अडवायला पश्चिमेला शेवरीची दाट रांग, तिच्याआड उंच गवत, गवताआड हिरवी जाळी. शेजारची लंकाबाई बांधावरून ओरडायची, "दानीएलभाऊ, झाडास्नी स्वेटर बी घाला की!" दानीएल हसायचे, पण ते बोलणं त्यांना झोंबायचं.

जायफळाची पाच रोपं लावली, दोन जगली. जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात, आणि या दोन्हींत नशिबाने एक नर, एक मादी निघालं. सात वर्षांनी, यंदा मादीला फळ धरलं. एकच! दानीएलांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगून टाकलं, "हंगामाच्या सणाला माझं पहिलं जायफळ देवाचं!"

इथेच फसले. सणाला पहिलं पीक वेदीपुढे ठेवायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा, अशी रीत. पण जायफळ पिकलं की आपण होऊन उकलतं, त्याआधी ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दानीएलांनी झाडाला न विचारता तारीख देऊन टाकली होती.

सणाच्या आदल्या दुपारी वारा पिसाळला. जाळी टराटरा फाटली, शेवरी आडवी झाली, फळाची फांदी गरागरा हलू लागली.

"अवो, तोडा ते! पडंल!" बायको मरिया ओरडली.

"कच्चं देवापुढं ठिवू? न्हाई जमायचं!" दानीएलांनी खोडाला मिठी मारली. मरियाने फांदी धरली. इतक्यात पदर खोचून लंकाबाई धावत आली. कांद्याच्या चाळीवरची ताडपत्रीच तिने ओढून आणली होती.

"बघताय काय? धरा टोक! माझा कांदा मरू द्या तिकडं!"

तिघं ताडपत्री धरून वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली. हात भरून आले, डोळ्यांत माती गेली, तरी कुणी टोक सोडलं नाही. दिवस मावळताना वारा पडला. फळ जागेवर होतं!

पण रविवारी सकाळीही ते मिटलेलंच. दानीएल पांढरा सदरा घालून रिकाम्या हाताने चर्चमध्ये गेले. इतरांचे भोपळे, कणसं, कोंबड्या बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्यांनी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "फळ येत न्हाई ना? मग आपुन जाऊ!"

उपासना संपली आणि अख्खी मंडळी डफ वाजवत, भजनं म्हणत माळावर आली. प्रार्थना झाडाखाली झाली, लिलावही तिथेच पुकारला. लिलावाला जातधर्म लागत नाही, सगळं गाव बोली करतं. कुणी कोंबडी देऊ केली, कुणी ज्वारीचं पोतं. एवढ्यात मागून आवाज आला, "शेळीचं करडू देते!" लंकाबाई! त्यापुढे कुणी बोली चढवली नाही.

"तोडून देऊ?" दानीएलांनी विचारलं.

"हात लावून तर बघा!" ती म्हणाली आणि चर्चला द्यायचं करडू आणायला गेली.

दोन दिवसांनी उजाडताच झाडाकडून अशी आरोळी आली की दानीएल अनवाणीच पळाले. झाडावर फळ उकललं होतं आणि फटीतून लालभडक जायपत्री दिसत होती. लंकाबाई तिथे आधीच पोचली होती आणि दोन्ही हात वर करून साऱ्या शिवाराला सांगत होती, "अवो, बघायला या! माझं जायफळ पिकलं!"

"आपलं," दानीएल म्हणाले, आणि त्यांना हुंदका फुटला.