अंगठ्याचा खळगा

आमच्या बाबांचा हट्ट एकच: जुन्या वस्तऱ्याची मूठ दुरुस्त करायची, पण पातं सोडवायचं नाही. मुठीतले पितळी खिळे ठोकून काढले की मुठीचं जुनं शिंग तडकलंच म्हणून समजा. ते पात्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळत, मुठीच्या फटीत लाकडाची चपटी काडी सरकवत आणि ओल्या पॉलिश पेपरने घासत बसत. तेवढा वेळ घरात कुणाला शिंकायचीही सोय नसे.

थोरल्या काकांशी त्यांचं बोलणं कधीचंच बंद होतं. आजोबा, म्हणजे आप्पा, गेल्यावर त्यांचा वस्तरा कुणी ठेवायचा यावरून दोघं सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आले होते. वस्तरा काकांकडे गेला. पुढे काकांची दृष्टी गेली, त्यांनी अंथरूण धरलं, आणि एक दिवस काकू तोच वस्तरा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मूठ खरबरीत होऊन तिचे पापुद्रे सुटले होते. काकांचा निरोप होता, नीट कर आणि येऊन माझी दाढी तूच कर.

बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात. जीव ओतून त्यांनी मूठ घासली, तेल मुरवलं, कापडाने चमकवली. खिळ्यांना धक्काही लावला नाही. एका बाजूला जरा खोलगट झिजलं होतं, तेही आजूबाजूने घासून सपाट केलं.

काकांच्या गालांना फेस लावून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. बाबांनी मिटलेला वस्तरा त्यांच्या हातात दिला. काकांचा अंगठा मुठीवर फिरला, पुन्हा फिरला.

"हा आप्पांचा नाही."

बाबा म्हणाले, तोच आहे दादा, खिळे चाचपून बघ.

"आप्पांच्या अंगठ्याचा खळगा होता इथं. मी रोज त्यात अंगठा ठेवायचो." मग हळूच म्हणाले, "शेवटी ठेवून घेतलासच ना?"

झीज समजून खळगा मीच घासला, असं बाबा काकुळतीला येऊन सांगत राहिले. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. फेस काकूने पुसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. काकू वस्तरा परत घेईना. त्यांनी नाकारलेली वस्तू मी कशी ठेवू, म्हणाली. आता तो आमच्या कपाटात असतो. बाबा अधूनमधून काढतात आणि त्या सपाट जागेवर अंगठा दाबून बसतात. मला त्यांचा राग येतो आणि भडभडूनही येतं. काका म्हणाले तेच खरं झालं. वस्तरा शेवटी बाबांनीच ठेवून घेतला.