शेवटच्या चार चिठ्ठ्या

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पायवाल्या बाईंनी एका तपकिरी फुलपाखराचा उजवा मधला पाय चिमट्याने मोडला आणि नळीत टाकला.

अकरा वर्षं त्या हेच करत होत्या, म्हणून हे नाव. पायातून डीएनए काढायचा, त्यातला मायटोकाँड्रियाचा जनुकसंच वाचायचा. हा वारसा फक्त आईकडून येतो, त्यामुळे कोण कोणाच्या वंशातलं, ते मागे मागे शोधता येतं. नाती जुळवायला वरच्या मजल्यावर कीटकशास्त्राचे डॉक्टर होते. बाईंच्या वाट्याला पाय.

या फुलपाखराचा पाय त्या दुसऱ्यांदा काढत होत्या. डाव्या पायाने भलतंच सांगितलं होतं. ट्रेमधल्या शेवटच्या चारांपैकी डोंगरातली दोन किनाऱ्याच्या कुळात जाऊन बसली होती आणि किनाऱ्यावरची दोन डोंगराच्या. दिसायला दोन्ही जाती जुळ्या. ओळख काय ती टाचणीखालच्या, सापडल्याचं ठिकाण लिहिलेल्या चिठ्ठीवरून.

"बाई, तुमच्या लेकी भलत्याच घरी नांदायला गेल्या की!" डॉक्टर दारातून म्हणाले. "नळ्या बदलल्या का?"

"माझ्या हातून बदलत नाहीत."

"मग दोन जातींचा संकर झालाय. उजवा पायही तेच म्हणाला, तर मी लेख लिहायला बसलोच समजा."

दहा दिवसांनी उजवा पायही तेच म्हणाला.

बाईंची आई याच खोलीत तीस वर्षं गंजलेल्या टाचण्या बदलायची. टाचणी बदलली की चिठ्ठीमागे बारीक अक्षरात तारीख. चूक एकही नाही, असा तिचा लौकिक. ती जाऊन बारा वर्षं झाली, तरी ती नाही असा ट्रे नव्हता. कधी कधी पाठीमागे ट्रेच्या तळाच्या बुचात टाचणी रुतल्याचा 'कच्च' असा आवाज यायचा. बाई वळून बघत नसत.

त्यांनी चारही चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. तारीख एकच. कॅलेंडर बघायची गरज नव्हती; धाकटा भाऊ बुडाला तो दिवस.

त्या दिवशी संग्रहालयात फोन आला होता: धाकट्याला शाळेमागच्या तळ्यातून बाहेर काढलंय, ताबडतोब या. आई वीस मिनिटांनी निघाली. ट्रे उघडा टाकला तर कीड लागते, म्हणून आधी काम उरकलं. "दगडाचं काळीज," मावशी म्हणाली होती. चौदा वर्षांच्या बाईंनी ते मनात कोरून ठेवलं आणि आईला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

एक काढायचं, एक बसवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. हा नियम आईचाच. त्या वीस मिनिटांत तिने उरलेल्या चौघांच्या टाचण्या एकदम काढल्या होत्या आणि चिठ्ठ्या हाताला येतील तशा खोचल्या होत्या.

गप्प राहिलं तर आईचा लौकिक शाबूत आणि न झालेला संकर छापून येणार. बाईंनी ट्रे उचलला. मग जिना चढल्या.

"संकर नाही. चिठ्ठ्या बदलल्यात. माझ्या आईने." त्यांनी तारीख दाखवली, त्या दिवशी काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लेख गेला म्हणायचा." मग म्हणाले, "बाई, मग त्यांचे बाकीचे ट्रेही तपासावे लागतील. एकशे बारा आहेत."

"तपासू. काही निघणार नाही."

"कशावरून?"

"असा दिवस तिच्या नोकरीत एकच होता."

जुनी चिठ्ठी काढायची नाही, दुरुस्ती तिच्याखाली लावायची, अशी तिथली रीत. बाईंनी चार नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, मागे आजची तारीख घातली आणि एकेक करून बसवल्या. शेवटची टाचणी बुचात रुतली. 'कच्च'. या वेळी हात त्यांचाच होता, तरी त्यांनी वळून पाहिलं. मागे फक्त कपाटं होती.

उद्या नऊ वाजून दहा मिनिटांनी आईचा एक नंबरचा ट्रे उघडेल. फुलपाखरं अठ्ठावीस, प्रत्येकाचा डावा मधला पाय.