मशीनचं कुंकू

यमुनाआत्या झाडं कापायचं मशीन सुरू करायची, तेव्हा कासू स्टेशनात उभी असलेली गाडी आपोआप हलायची. ड्रायव्हरला वाटायचं, मागून दुसरं इंजिन आलं. तिकडे नागोठण्याला अंबा नदीला भर भरतीत ओहोटी लागायची. यातलं निम्मं खोटं आहे. निम्मं कोणतं, ते मला विचारू नका.

नात्याने ती माझी कुणी नव्हती. अख्ख्या गावाची आत्या. साठी ओलांडलेली, काडीसारखी बाई. लुगड्याचा घट्ट कासोटा, पायात नवऱ्याचे धाटावच्या कंपनीतले बूट, आणि खांद्यावर दातेरी साखळीचं पेट्रोलवरचं मशीन. नवरा शांताराम शिफ्ट सांभाळून पेण-रोह्यामधल्या गावांत पडलेली झाडं कापून द्यायचा. तो अचानक गेला. तेरावं उरकलं आणि आत्याने मशीन उचललं. भावकी म्हणाली, "यमुने, बायमाणसाचं काम हाय का हे?"

"मशीनला काय कळतंय, दोरी कोण ओढतंय ते?" आत्या म्हणाली.

मशीनबद्दल ती सुनेबद्दल बोलावं तसं बोलायची. "मशीन रुसतं, मरत नाय. रुसलं की आधी पोट बघायचं, मग दात, मग नाक." पोट म्हणजे पेट्रोलची टाकी, दात साखळीचे, आणि नाक म्हणजे हवा गाळणारी जाळी. भुसा पोह्यांसारखा उडाला तर धार ठीक; पिठासारखा पडला तर कानस घ्यायची.

रोज सकाळी मात्र ती मशीनच्या मागच्या काळ्या झाकणावर चिमूटभर कुंकू लावायची. स्वतःचं कपाळ कोरं. माझ्या बायकोने, मंदाने, एकदा विचारलंच. आत्या म्हणाली, "ह्या झाकणाचा स्क्रू यांनी शेवटचा आवळलेला हाय गो. म्हणून तिथं लावते. मला कोण लावू देतंय?"

भात पिवळं पडायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी असं वारं सुटलं, की आमच्या कोंबड्या थेट रोह्याला उतरल्या. गोठ्यामागचा शिरीष मुळासकट आडवा झाला, तो नेमका गोठ्यावर. आत आमची सुंदरी, दिवस भरलेली म्हैस. मोडका वासा आणि शिरीषाची फांदी यांच्या बेचक्यात तिची मान अडकली होती, आणि झाड हळूहळू आणखी खाली बसत होतं.

आत्या धावत आली. दोरी ओढली, मशीन भुंकलं. पण मोकळं असताना वाघ, आणि लाकडात शिरलं की मांजर! धापा टाकायला लागलं, काळा धूर ओकलं आणि थांबलं.

"हल्ली असंच करतंय मेलं," आत्या म्हणाली. तिने टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून ताजं भरलं. पुन्हा तेच. मांडी घालून दातांवर कानस फिरवली. भुसा पोह्यांसारखा उडाला, पण दोन बोटं आत गेल्यावर पुन्हा धाप.

"आत्या, पोट झालं, दात झाले," मी ओरडलो, "आता नाक बघ की!"

आत्या नाकावरच्या, कुंकवाने लाल झालेल्या त्या झाकणाकडे बघत राहिली. हात पुढे जाईना. आत सुंदरीने घरघर केली. मंदा तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्ये, शांताराममामा असते तर त्यांनी कवाच उघडलं असतं."

आत्याने पदराने झाकण पुसलं आणि पेचकस लावला. स्क्रू हलेना. दोन्ही हातांनी जोर लावत ती पुटपुटली, "लई आवळलाय मेल्यानं." 'यांनी'चा 'मेल्यानं' झाला, आणि स्क्रू फिरला.

आत जाळी दिसेचना. कुंकू, भुसा आणि ऑइल यांचा लाल लगदा चिकटून बसला होता. रोजची चिमूट फटीतून आत ओढली गेली होती. आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "मीच गो नाक दाबून धरलं त्याचं."

मग तिने जाळी दगडावर आपटली, मंदाने आणलेल्या ब्रशने घासली, गाल फुगवून फुंकली आणि दोरी ओढली. त्या गर्जनेने धाटावची शिफ्ट वेळेआधी सुटली म्हणतात! फांदी काकडीसारखी कापली गेली. सुंदरी उठली, आमच्याकडे रागाने बघितलं आणि संध्याकाळी व्यायली.

खरवस खायला आत्या आली, ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. मंदाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"काय बघतेस गो? तिथं लावलं की मशीन बंद पडतंय. मग करंडा भरलेला हाय, तो काय फेकून देऊ? वाढ खरवस."

भावकी कुरकुरली. आत्याने निरोप धाडला, "ज्याला खुपतंय त्यानं आपलं झाड आपण कापावं." पुढच्या वादळानंतर कुरकुर थांबली.

गेल्या उन्हाळ्यात आत्या झोपेतच गेली. तिला न्यायची तयारी सुरू झाली, तेव्हा कुंकू लावायचं की नाही यावर बायकांत कुजबुज चालली. मंदा उठली, करंडा घेतला आणि लावलं. रुपयाएवढं.

मशीन आता माझ्याकडे आहे. सुरू करण्याआधी झाकण उघडतो, जाळी झटकतो. परत बसवताना मात्र स्क्रू बेताचाच आवळतो. माझ्यामागे मंदाला तो उघडायला जड जाऊ नये.