मंदापेक्षा भारी गार्ड

मंडळाच्या बायांनो, आज झालं ते आपल्या फळ्यावर लिहितेय. आधी नीट वाचा, मग हसा.

माझी धाकटी जाऊ मंदा. तिनं पिकअपच्या तोंडाला तीन पाइपांचं चकचकीत गार्ड बसवलं. अख्खा कोळीवाडा बघायला गेला. माझा नुसता जळफळाट! आमचे हे म्हणाले, "आपल्या पिकअपला साधा लोखंडी पाइप बस झाला. कोणी ठोकलं तर दिवे वाचले पाहिजेत, एवढंच."

मी ऐकतेय होय! सकाळीच वेल्डरकडे गेले. म्हटलं, "पाइप नको, अख्खा स्टीलचा पत्रा लाव."

तो म्हणाला, "मावशी, रेडिएटरला वारा लागणार नाही. गाडी तापेल."

"गाडी माझी आहे ना? लाव तू."

मग मासळी भरून मुलुंडच्या बाजाराला निघालो. घाटकोपरच्या पुढे बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. टोपल्यांतला बर्फ वितळायला लागला. आणि मागून कोण यावं? मंदाच!

"काय जाऊबाई, गाडीला आरसा बसवलात काय?" म्हणत पोट धरून हसली. पण आमच्या टोपल्या पटापट तिच्या गाडीत चढवल्या, आणि तिचं गार्ड आमच्या गाडीला मागून टेकवून गॅरेजपर्यंत ढकलत नेलं.

माल वाचला. मी तिला साधं 'बरं झालं आलीस' पण बोलले नाही. वाकून तिच्या गार्डाला ओरखडा आलाय का, तेच शोधत होते. एक पण नाही!

खरं सांगा बायांनो, जिनं माल वाचवला तिच्यावरच अजून जळणारी मी एकटीच आहे काय?