व्याह्यांची गाडी

सारंगखेड्याच्या यात्रेत रूपचंदनाना उतरले की घोडेवाले सावध होतात. नाना आधी जबडा उघडून दात मोजतात, मग खूर उचलून ठोकून बघतात, मग अंगावरचे केसांचे भोवरे शोधतात आणि शेवटी मालकाला हुकूम सोडतात, "आते याले गोल फिराव." एवढं सगळं करून घोडा घेत नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही घोडा घेतलेला नाही. जे जनावर घ्यायचंच नाही त्याचे दात मोजण्यात या माणसाने पंचवीस वर्षांचे डिसेंबर घालवले, आणि ज्या गाडीत घरातली सगळी माणसं बसतात तिचा एक नंबर वाचायला त्याला तीन वर्षांत सवड झाली नाही.

मी त्यांचा शेजारी. शहाद्याच्या हायस्कुलात तेहेतीस वर्षं क्लार्क होतो, म्हणून गाव मला भाऊसाहेब म्हणतं. कागद वाचणं हा माझा धंदा. नानांचा धंदा केळीचा, पण त्यात त्यांचं लक्ष कमी. त्यांचं खरं लक्ष सोयरिकीत. कोणाच्या साखरपुड्यात कोणाला आधी मानाची टोपी घातली आणि कोणाला नंतर, हे त्यांना वीस वर्षांनीही तोंडपाठ असतं. स्वतःच्या मोटरपंपाचा हॉर्सपॉवर मात्र माझ्याकडे येऊन विचारतात.

तर ती गाडी. पांढरी, सात सीटची, गुजरातच्या नंबरची. बारडोलीचे हेमकांतभाई म्हणजे नानांची सून रोशनी हिचे वडील. त्यांनी स्वतःला नवी गाडी घेतली आणि ही वर्षभर वापरलेली गाडी तीन वर्षांपूर्वी कौतुकाने व्याह्यांच्या दारात आणून उभी केली. आता व्याह्यांनी दिलेल्या वस्तूचे कागद आमच्याकडे कोणी मागत नाही. मागणं म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. त्यामुळे गाडी नानांच्या दारात, नाव हेमकांतभाईंचं, आणि कंपनीकडे लिहिलेला मोबाइल नंबरही हेमकांतभाईंचाच. या रीतीला आमच्यात मोठेपणा म्हणतात. मी तिला बिनडोकपणा म्हणतो, पण घरात, दार लावून.

यंदा यात्रेला मीही त्या गाडीतून गेलो होतो. प्रत्येक वळणाला स्टेरिंगखालून टक असा आवाज यायचा. मी नानांकडे पाहिलं. नानांनी टेपचा आवाज वाढवला.

"नाना, हे काय वाजतंय?"

"गाडी शे, आवाज ते करीच. घोडा खिंकाळस नही का?"

येताना त्यांनी यात्रेतून घोड्याची नाल आणली आणि पुढच्या बंपरला बांधली. लिंबू-मिरची आधीपासून होतीच. झाला इलाज.

जानेवारीत पेपरात बातमी आली. कंपनीने या मॉडेलच्या काही गाड्या तीन वर्षांपूर्वीच परत तपासायला बोलावल्या होत्या, आणि न आलेल्यांना आता पुन्हा आठवण केली होती. स्टेरिंगचा दांडा जिथे खालच्या सांध्याला जोडतात तिथला बोल्ट सैल पडू शकतो. चाक हातात फिरतं आणि टायर सरळच जातात. आपली गाडी त्यात आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून कळतं, असंही छापलं होतं. मी पेपर घेऊन नानांच्या ओट्यावर गेलो. नानांनी बातमी वाचलीसुद्धा नाही.

"भाऊसाहेब, व्याहीस्नी दियेल गाडी कोनी तपासस का? मी काय त्यास्नावर संशय लेऊ? उद्या त्यास्ना कानवर गयं तर मी तोंड कसं दाखाडू?"

मी पेपर घडी करून घरी आलो. ज्याचं लग्न त्याला काळजी नाही, तर मला कशाला, असं मनाशी म्हणालो आणि चहा प्यायलो. माझ्याबद्दलही चांगलं मत करून घेऊ नका.

फेब्रुवारीत रोशनीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ओटी भरून तिला बारडोलीला पोचवायचं ठरलं. नवरा चंदन साखर कारखान्यात; गाळप जोरात, सुट्टी मिळेना. तेव्हा गाडी नाना चालवणार. म्हणजे प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल, नंदुरबार, आणि विसरवाडीपासून पुढे ट्रकांनी भरलेला हायवे. नानांची गाडी चालवणं मी पाहिलेलं आहे. समोरून ओळखीचा माणूस आला की ते दोन्ही हात सोडून नमस्कार करतात.

ओटी झाली, जिलेबी झाली. हिरवी साडी, मांडीवर नारळ, अशी रोशनी पुढच्या सीटवर बसली. नानांनी गाडी अंगणातून वळवली आणि टक. या वेळी टेप बंद होता. पोरीने नानांकडे पाहिलं, मग ओट्याशी उभ्या माझ्याकडे.

"भाऊसाहेब, तुम्ही ती पेपरनी बातमी कोनती म्हनी ऱ्हायनात व्हतात?"

म्हणजे तिने त्या दिवशी दाराआडून ऐकलं होतं. मी सांगितली. ती तशीच खाली उतरली आणि म्हणाली, आत्ता बघू.

आरसी बुक अर्थातच बारडोलीला. चेसिस नंबर पुढच्या सीटखाली पत्र्यावरही कोरलेला असतो. पण नानांनी गाडीत एवढे गालिचे घातले होते की त्यात लग्नाची पंगत बसली असती. रोशनीला वाकता येईना, म्हणून मी गुडघ्यावर आलो. तीन गालिचे उचलले, एक सुकलेली करंजी काढली आणि खाली नंबर सापडला. सतरा अक्षरं. मी वाचत गेलो, ती मोबाइलवर टाकत गेली. अंगणात तीस माणसं, आणि सगळी आम्ही काहीतरी अभद्र करतोय अशा नजरेने बघत होती.

"बठ व माय," नाना म्हणाले, "येळ व्हई ऱ्हायनी."

रोशनीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. लाल अक्षरांत लिहिलं होतं, स्टेरिंगचं काम बाकी, गाडी तपासल्याशिवाय चालवू नये. खाली बारीक अक्षरांत, काम विनामूल्य, अंदाजे दोन तास. तीन वर्षांत दोन तास.

तिने तिथेच वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पप्पा, तमने खबर हती?"

पलीकडे हेमकांतभाई आधी खोकले. मग म्हणाले, मेसेज आला होता. मग म्हणाले, तीन आले होते. शेवटी कबूल केलं, रजिस्टर पत्रही आलं होतं, कपाटात ठेवलं आहे. पण व्याह्यांना कसं कळवायचं? लेकीच्या सासरी खोट असलेली गाडी दिली असं त्यांना वाटलं असतं. चार लोकांत मान खाली गेली असती. वाटलं, चालतेय ना, चालू दे.

इकडे नाना मान हलवत होते. रागाने नव्हे हो! त्यांना व्याह्यांचं म्हणणं पटत होतं. एकाने इज्जतीपायी सांगितलं नाही, दुसऱ्याने इज्जतीपायी विचारलं नाही. असे दोन शहाणे देवाने शोधून एकमेकांचे व्याही केले होते.

रोशनी फोन हातात धरूनच बोलली, दोघांनाही ऐकू जाईल अशी.

"तीन वरीस तुम्हनी इज्जत घर बठेल व्हती. गाडीमा मी बठेल व्हती."

मग तिने पिशवी उचलली आणि एसटीने जाते म्हणाली. नानांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, तोंडाला पदर लावला. "एसटीमा? सातव्या महिन्यामा? लोक काय म्हनतीन?" एवढा वेळ त्यांना लोकच आठवत होते. रोशनी चालत निघाली, आणि नाना नारळ घेऊन मागे पळाले.

शहाद्याच्या स्टँडवर मी दोघांना बारडोलीवरून जाणाऱ्या सुरतच्या एसटीत बसवून दिलं. गाडी सुटायच्या आधी नाना ड्रायव्हरच्या केबिनपाशी जाऊन उभे राहिले आणि हळूच विचारू लागले, "दादा, स्टेरिंग तपासेल शे ना?" ड्रायव्हरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खाली बसायला सांगितलं.

संध्याकाळी रोशनीचा फोन आला, सुखरूप पोचल्याचा. मी विचारलं, व्याही-व्याही भेटले का?

"भेटनात ना. स्टँडवर गळा पडनात. प्रवास बेस व्हयना का, जेवन व्हयनं का, केळीले भाव काय शे, सगळं इचारं. गाडीनं नाव कोनीच काढं नही." मग म्हणाली, "भाऊसाहेब, 'तुले भीती वाटनी का?' हाई माले आजून कोनीच इचारं नही."

सकाळी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून मी सतरा अक्षरं वाचली होती, पण हे मीही विचारलं नव्हतं.