नवव्या क्रमांकावरील माझी हरकत

प्रथम घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे नंतर कोणी 'मला कल्पना नव्हती' असे म्हणणार नाही.

ऑगस्टचा पहिला रविवार: आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवातील कार्यक्रमांची यादी सभासदांना पाठवली. जबाबदार: सचिव. मंगळवार: यादीतील नवव्या क्रमांकाविरुद्ध लेखी हरकत दाखल झाली. जबाबदार: मी. बुधवार: कार्यकारिणीतील तिघांनी सुनावणी न घेता, व्हॉट्सॲपवर अंगठ्याची चित्रे टाकून तो कार्यक्रम रद्द केला. जबाबदार: अध्यक्ष. गुरुवार: रद्द केल्याची एक ओळ एका मुलीच्या आईला पाठवण्यात आली, पाच मुलींपैकी एकीलाही कोणी कारण सांगितले नाही. जबाबदार: पुन्हा अध्यक्ष.

नवव्या क्रमांकावर इतकेच लिहिले होते: 'समूहनृत्य, कोरियन पॉप, पाच मुली, चार मिनिटे.'

मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मुलीच्या घरी राहतो. निवृत्त होईपर्यंत पुलांच्या कंत्राटांची कलमे वाचणे हाच माझा व्यवसाय होता, आणि मंडळाची घटनाही मीच लिहिलेली आहे. रंगमंचावरील सादरीकरण मराठी भाषेतील अथवा मराठी संस्कृतीशी निगडित असावे, हे कलम माझे. कोणत्याही सभासदाने लेखी हरकत घेतल्यास सुनावणी होईपर्यंत तो कार्यक्रम स्थगित राहील, हेही कलम माझेच. ती यादी वाचून माझा संताप झाला. गणपतीसमोर कोरियन गाणे कशासाठी? मी दोन पानी पत्र लिहिले. 'ज्या भाषेतील एक शब्दही गाणाऱ्याला, नाचणाऱ्याला अथवा ऐकणाऱ्याला कळत नाही, त्या भाषेतील गोंगाटाला उत्सवात स्थान नाही,' असे त्यातले एक वाक्य होते. ते वाक्य मला फार आवडले होते.

बुधवारी सचिवबाईंचा फोन आला. त्या नागपूरच्या, बोलायला मोकळ्या.

"काका, पत्र मिळालं. आयटम कॅन्सल केला आम्ही. तुमच्याशी कोण भांडणार?"

"भांडायचा प्रश्न नाही. सुनावणी कधी आहे?"

"सुनावणी कशाला आता? त्या स्लॉटमध्ये अंताक्षरी टाकली ना."

हे घटनेला धरून नव्हते, आणि मला ते तेव्हाच समजले होते. पण निकाल माझ्या बाजूने लागला होता, म्हणून मी गप्प बसलो. माझ्या चुकांपैकी ही पहिली नव्हे, पण सर्वांत मोठी ही.

गुरुवारी संध्याकाळी माझी नात जेवायला खाली आली नाही. ती चौदा वर्षांची आहे. जेवणानंतर माझ्याजवळ बसून मराठी वर्तमानपत्रातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, हा तिचा आणि माझा अनेक वर्षांचा परिपाठ. मी ताट वाढून घेतले आणि मुलीला विचारले, "बरं नाही का तिला?"

मुलगी भांडी मशीनमध्ये लावत होती. ती वळली नाही. म्हणाली, "बाबा, तो आयटम कुणाचा होता, माहीत होतं तुम्हाला?"

मला माहीत नव्हते. नात मार्च महिन्यापासून दर शनिवारी एका मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये 'प्रॅक्टिस'ला जात होती. कसली प्रॅक्टिस, हे मी एकदाही विचारले नव्हते. ज्याने आयुष्यभर प्रत्येक संदिग्ध शब्दाची व्याख्या मागितली, त्याने घरातल्या शब्दाची मागितली नाही.

"ती म्हणतेय, मंडळात परत पाऊल टाकणार नाही," मुलगी म्हणाली. "आणि तुमच्याशी बोलायचंही नाहीये तिला. मी काही सांगणार नाही तिला. काल फोनवर काय बोलत होता, ते आत्ता कळलं आम्हाला. तुम्ही पत्र लिहिलंय, तुम्हीच निस्तरा."

शुक्रवारी सकाळी मी हरकत मागे घेण्याचा अर्ज केला. अध्यक्षांचे उत्तर आले: आता वेळापत्रक छापायला गेले आहे, क्षमस्व. तेव्हा मी माझ्याच घटनेचा आधार घेऊन सुनावणीची मागणी केली. सुनावणीशिवाय कार्यक्रम रद्द करण्याची कारवाईच रद्दबातल ठरते, हे मी चार परिच्छेदांत सिद्ध केले. रविवारी दुपारी चार वाजता, सार्वजनिक ग्रंथालयातील खोलीत, एक तास, असे ठरले.

बाजू मांडायला विषयाची माहिती हवी. मला काहीच नव्हती. शनिवारी मी नातीच्या दारावर टकटक केली आणि दाराबाहेरूनच सांगितले, की उद्या मी तुम्हा पाचजणींच्या वतीने उभा राहणार आहे, मला तयारी करून दे.

आतून आवाज आला, "आबा, यू आर द वन हू गॉट अस कॅन्सल्ड."

"होय. म्हणूनच समोरच्या पक्षाचे सगळे मुद्दे मला तोंडपाठ आहेत."

दार उघडले. ती हसली नव्हती, पण उघडले.

आमच्या बेसमेंटमधल्या सोफ्यावर मी वही घेऊन बसलो आणि तिने मला एकामागून एक बारा गाणी दाखवली. पहिल्या गाण्याला मी नोंद केली: 'सुसंगती नाही. एका गाण्यात तीन गाणी.' ती वहीत डोकावली. म्हणाली, "दॅट्स द पॉइंट." हळुवार सुरुवात, मग एकदम बोलल्यासारखे वेगवान कडवे, मग सगळे दरवाजे उघडावेत तसे धृपद, पुढे काय येणार ते कळत नाही, म्हणून माणूस शेवटपर्यंत थांबतो. धृपदात हातांची एक साधी खूण असते. ती मुद्दाम अशी बसवतात की पाहणाऱ्याला घरी आरशासमोर करता यावी. मग जगभरची मुले ती करतात, चित्रित करतात, एकमेकांना पाठवतात. गाणे असे देशोदेशी पोचते, भाषेची वाट न पाहता. मधे एखादी ओळ इंग्रजी असते, ती पाहुण्यासाठी ठेवलेल्या खुर्चीसारखी.

मी विचारले, "यांच्यात मुख्य गायिका कोण?"

"डिपेंड्स. बघ ना नीट."

मी नीट पाहिले. दर काही सेकंदांनी रचना बदलत होती, आणि प्रत्येक वेळी पुढे येणारी मुलगी वेगळी होती. मागची पुढे, पुढची कडेला, पावले एकाच मापाची. इंजिनियर म्हणून सांगतो, इतक्या जणांनी इतक्या वेगाने जागा बदलूनही कोणी कोणाला न अडवणे ही सोपी गोष्ट नाही. यासाठी मुले अनेक वर्षे उमेदवारी करतात, रंगमंचावर येण्याआधी गाणे, नाच, परक्या भाषा, सगळे शिकतात, असे तिने सांगितले. त्यांचे करार किती वर्षांचे असतात, असे मी विचारले. तिने सांगितले ते मला पसंत पडले नाही आणि मी तसे बोललो. कोवळ्या वयाच्या मुलांकडून इतक्या लांबलचक करारांवर सह्या घेणे मला मान्य नाही.

"वी नो, आबा," ती म्हणाली. "फॅन्स भांडतात त्याच्यावर. लेटर्स पण लिहितात कंपनीला."

"चाहते कंपनीला पत्रे लिहितात?"

"खूप. तुझ्यापेक्षा जास्त."

मग तिने मला चाहत्यांचे कामकाज समजावले. गाणे आल्याबरोबर जगभरातील मुले कुणीही न सांगता त्याची भाषांतरे करून टाकतात. कार्यक्रमात कोणत्या ओळीनंतर कोणते नाव पुकारायचे हे ठरलेले असते, आणि हजारो लोक ते एका क्षणी पुकारतात. तुम्ही पाचजणी मंडळात का करणार होता, असे मी विचारले. तिने खांदे उडवले. म्हणाली, मंडळाच्या नाचात ती पाच वर्षे मागच्या रांगेत उभी होती, तिसऱ्या रांगेत, उंच आहे म्हणून. "इथे नोबडी इज बॅकग्राउंड. आणि आम्हाला वाटलं, अवर पीपल शुड सी इट."

अवर पीपल. मी ते शब्द वहीत लिहिले आणि मग पुढची दोन गाणी माझ्याकडून नीट पाहिली गेली नाहीत.

उठताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गायकांपैकी कुणाकडून चूक झाली, तर तो पुष्कळदा स्वतःच्या हाताने माफीचे पत्र लिहितो आणि त्याचा फोटो सगळ्यांसमोर टाकतो. टाइप केलेले चालत नाही. "लोक हँडरायटिंग बघतात," ती म्हणाली. तिने हे मला टोमणा म्हणून सांगितले की माहिती म्हणून, मला कळले नाही. मी हजारो पत्रे लिहिली असतील. रस्त्यावरचे बर्फ न काढणाऱ्यांना, विमा कंपन्यांना, संपादकांना. माफीचे एकही नाही. त्या दुपारी मी ते लिहिले, तीन वेळा फाडले, चौथ्यांदा ठेवले.

सुनावणीला अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले आणखी एक गृहस्थ होते. पाचही मुली मागच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. अध्यक्ष सौजन्याने बोलले, ते नेहमीच सौजन्याने बोलतात. "काका, मुलींवर आमचा राग नाही. पण प्रश्न प्रिन्सिपलचा आहे. तुमचंच कलम आहे. भाषा कुणाला कळत नाही, तर उद्या कोणी काहीही आणेल."

मी म्हणालो, "उत्सवात आरतीनंतर आपण काय म्हणतो?"

"मंत्रपुष्पांजली."

"अर्थ सांगा."

त्यांनी सचिवबाईंकडे पाहिले. सचिवबाई म्हणाल्या, "राज्याचं काहीतरी आहे ना? साम्राज्यं, स्वाराज्यं..." आणि मग त्या स्वतःच हसल्या. तिसरे गृहस्थ छताकडे पाहू लागले.

"अर्थ कुणालाही येत नाही," मी म्हणालो. "मलाही येत नव्हता, काल बसून वाचला. पण आवाज कुठे चढवायचा, शब्द कुठे लांबवायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे सभागृहातल्या प्रत्येकाला येते. एखादा चुकला तर सगळे वळून पाहतात. अर्थ कळत नाही म्हणून तो गोंगाट आहे, असे मी लिहिले होते. मग आपली मंत्रपुष्पांजलीही गोंगाट ठरते. ती तशी नाही. शब्द न कळताही माणसे एका क्षणी एकत्र येतात, आणि त्यासाठी ती शिस्तीने शिकलेली असतात. या मुलींनी सहा महिने तेच केले. आपल्या उत्सवात तरुणांच्या मेळ्यांची परंपरा होती, ते मेळेही नवे होते तेव्हा वडीलधाऱ्यांना खटकले असतीलच. कलम 'मराठी भाषेतील अथवा मराठी संस्कृतीशी निगडित' असे आहे. 'अथवा' हा शब्द मी विचारपूर्वक घातला होता, आणि हरकत घेताना सोयीस्करपणे विसरलो."

मग मी माफीचे पत्र वाचले. मराठीत वाचले आणि मुलींच्या दिशेने तोंड करून वाचले. मी न पाहता निकाल दिला, मी न विचारता बोललो, आणि चुकीची पद्धत माझ्या फायद्याची होती म्हणून चालवून घेतली, एवढेच त्यात होते. कागद त्यांच्या हाती दिला. एकीने त्याचा फोटो काढला. माझी नात म्हणाली, "आबा, युअर हँडरायटिंग इज सो बॅड." सगळ्यांसमोर तिने मला आबा म्हणून हाक मारली होती. मी खुर्चीवर बसलो.

कार्यक्रम पुन्हा यादीत घेण्यात आला. अंताक्षरीनंतर, जेवणाच्या आधी. शाळेचे सभागृह, बाहेर मसालेभाताचा वास, आणि निम्मे लोक रांगेत उभे राहायला निघालेले. मला वाटले, संपले. मुली रिकाम्या खुर्च्यांसमोर नाचणार. पहिल्या कडव्याला तसेच होते. मग धृपद आले, आणि कडेला उभ्या असलेल्या शाळकरी मुलांनी ठरलेल्या जागी ठरलेली आरोळी दिली. दरवाज्यातली माणसे वळली. काही काकू हातातल्या पेपर प्लेटा घेऊन परत आत आल्या. पाच मुली सतत जागा बदलत होत्या आणि माझी नात, उंच म्हणून पाच वर्षे मागे उभी केलेली, दोनदा अगदी मधे पुढे आली. माझ्या शेजारच्या आजींनी विचारले, "काय म्हणतायत हो त्या?" मी सांगितले, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, "छान आहे पण," आणि हातांची ती खूण करून पाहिली.

जेवताना नात माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या पानातली पुरी न विचारता उचलली. "आबा, तू क्लॅप करत होतास ते सगळं ऑफ-बीट होतं."

"पुढच्या वेळी शिकव."

"ओके," ती म्हणाली. मी पानातली दुसरी पुरीही तिच्याकडे सरकवली. 

पण आभारप्रदर्शनात अध्यक्ष म्हणाले, 'एका छोट्याशा गैरसमजानंतर हा सुंदर कार्यक्रम आपल्याला पाहायला मिळाला.' गैरसमज नव्हता. मी हरकत घेतली ती माझी चूक, आणि तिचे उत्तर मी माझ्या हाताने, माझ्या नावाने, त्या मुलींसमोर दिले आहे. पण सुनावणीशिवाय सहा महिन्यांची मेहनत रद्द करणारे अंगठे माझे नव्हते. एका आईच्या फोनवर एक ओळ पाठवून मोकळे होणारा मी नव्हतो. मुलींना कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही, आणि आता कोणी आठवतही नाही.

म्हणून माझी मागणी लेखी नोंदवतो. ऑक्टोबरच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, त्या पाच मुलींना पहिल्या रांगेत बसवून, एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: त्यांचे म्हणणे ऐकून न घेता त्यांचा कार्यक्रम कोणत्या अधिकाराने रद्द केला? उत्तर मराठीत असावे, आणि त्यात 'गैरसमज' हा शब्द नसावा.